कशावरून? वाचताना तर्क करायला शिकवण्याविषयी

या पुस्तिकेतला पाचवा उतारा तीन वाक्यांचा आहे. रात्री बाबा घरी आले. आईने ताट झाकून ठेवलं होतं. बाबांनी बूट दाराबाहेरच काढले आणि मोठा दिवा न लावता मोबाइलच्या उजेडात ते स्वयंपाकघरात गेले.

खाली दोन प्रश्न आहेत. घरातली बाकीची माणसं काय करत होती? आणि बाबा कुठून आले होते? दोन्हींचं उत्तर उताऱ्यात छापलेलं नाही. नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या पाचवीच्या वर्गात पहिल्या प्रश्नाला सगळा वर्ग एकदम उत्तर देतो, की झोपली होती. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वर्गाचे दोन भाग पडतात. कंपनीच्या क्वार्टरमधली किंवा एमआयडीसीलगतच्या वस्तीतली मुलं म्हणतात, "सर, सेकंड शिफ्ट होती. अकराला सुटते." आजूबाजूच्या खेड्यांतून येणारी मुलं म्हणतात, "ओलित कराले गेले असन. लाइन रातीच येते ना."

दोन्ही उत्तरं चांगली आहेत, कारण दोन्ही जगण्यातून आली आहेत. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की शेतकऱ्याला रात्री रानात जावं लागतं, हे ज्या मुलाने घरात पाहिलं आहे त्याला रात्री उशिरा येणारा बाप शेतातूनच येताना दिसणार. शिक्षकाचं काम इथून पुढे सुरू होतं. कोणतं उत्तर बरोबर हे सांगायचं नाही, फक्त विचारायचं, "कशावरून?" मग मुलं पुन्हा उताऱ्याकडे वळतात. एक मुलगी म्हणते, बूट आहेत ना, कंपनीत सेफ्टी शूज लागतात. दुसरा लगेच म्हणतो, मग भाईर काहून काढले? चिखल लागला असन म्हणून. आता दोघंही एकाच शब्दावर बोट ठेवून भांडत असतात. त्या शब्दाकडे आधी कोणी लक्षही दिलेलं नव्हतं. चौथं वाक्य आम्ही मुद्दाम पान उलटल्यावर छापलं आहे. जेवायला बसण्याआधी बाबांनी गळ्यातलं गेटपासचं कार्ड काढून फ्रिजवर ठेवलं. ओलिताची बाजू लावून धरणारा मुलगा हे वाचतो, थोडा थांबतो आणि म्हणतो, "मंग कंपनीतूनच आले." त्याला कोणी हरवलेलं नसतं. नवा पुरावा समोर आला आणि त्याने आपलं मत बदललं. या पुस्तिकेत वाचन म्हणून जे काही अभिप्रेत आहे, ते या एवढ्या क्षणात आहे.

लेखक कधीच सगळं लिहीत नाही. बाप दमला आहे, पोरं जागी होऊ नयेत म्हणून जपतो आहे, बाई वाट पाहून निजली आहे, यातलं एक अक्षरही उताऱ्यात नाही, तरी वाचणाऱ्याला ते दिसतं. लिहिलेल्यातून न लिहिलेल्याकडे जाणं, तेही मनाला येईल तसं न जाता मजकुरातल्या खुणा धरून जाणं, याला आपण अनुमान म्हणतो. हे शाळेने मुलांना नव्याने द्यावं लागत नाही. बुटीबोरीतलं मूल दिवसभर अनुमानंच करत असतं. भोंगा वाजला, की आता रस्त्यावर सायकली आणि मोटारसायकली येणार. बाबा महिन्याच्या या तारखेला जिलेबी घेऊन आले, तर पगार झाला. घरमालक दोनदा येऊन गेला आणि आईचा आवाज बदलला, तर काहीतरी थकलं आहे. इतकं बारीक वाचणारं मूल धडा उघडला की मुकं होतं. का होतं, हा प्रश्न मला फार वर्षं छळत आला आहे, आणि त्याचं उत्तर मुलाच्या डोक्यात शोधण्याऐवजी आपल्या प्रश्नपत्रिकेत शोधावं असं माझं ठाम मत आहे.

धड्याखालचे प्रश्न आठवून पाहा. रामू कुठे गेला? रामू बाजारात गेला. बाजारातून काय आणलं? बाजारातून गूळ आणला. एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले. या प्रश्नांची उत्तरं धडा न समजताही देता येतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवून काढायचं, बस. पाच वर्षं हा सराव झालेल्या मुलाला सहाव्या वर्षी आपण विचारतो, "रामूला वाईट का वाटलं असेल?" तेव्हा ते मूल धड्यात 'वाईट' हा शब्द शोधू लागतं. तो सापडत नाही, म्हणून गप्प बसतं. आपण मात्र त्याला आकलन नाही असा शेरा मारून मोकळे होतो.

ही उणीव केवळ आपल्याकडची आहे असं नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या संशोधिकेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची मिनिटामिनिटाने नोंद केली. एकूण ४,४६९ मिनिटांपैकी आकलन कसं करायचं हे शिकवण्यात गेलेली मिनिटं २० च्या आसपास निघाली. त्याच्या कितीतरी पट वेळ आकलन तपासण्यात जात होता. तपासणं आणि शिकवणं यांतला हा फरक आपल्याकडच्या शिक्षक प्रशिक्षणात अजून पुरेसा बोलला जात नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे, ती म्हणजे तात्पर्याची. छापील मराठी बालसाहित्य जवळजवळ सुरुवातीपासून तात्पर्याच्या सोबतीने वाढलं. तंजावरला सरफोजी राजांच्या काळात १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' आली. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्या गोष्टींवर प्रेम केलं, मीही केलं. पण गोष्टीच्या शेवटी तिचा अर्थ लिहून ठेवला, की मुलासाठी करण्यासारखं काही उरत नाही. कोल्ह्याने द्राक्षं आंबट का म्हटली असतील, यावर दुसरीतली मुलं पंधरा मिनिटं भांडू शकतात. तात्पर्याची ओळ फळ्यावर आली की ते भांडण संपतं.

यापेक्षा जुनी आणि विदर्भाची स्वतःची एक परंपरा आहे, तिच्याकडे मी शिक्षकांचं लक्ष मुद्दाम वेधतो. तेराव्या शतकात केशोबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत संकलित केले, तो 'दृष्टांतपाठ'. महानुभावांचं हे वाङ्मय ज्या काळात आकाराला आलं, त्या काळातलं पंथाचं मोठं केंद्र म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. प्रत्येक दृष्टांताचे तीन भाग असतात. आधी सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट सूत्राला कशी लागू पडते त्याचा उलगडा. हा तिसरा भाग केशोबासांचा आहे. म्हणजे शिष्याने गुरूची गोष्ट ऐकली आणि तिचा अर्थ स्वतः मांडला. वर्गात आपण हे उलटं करतो. गोष्टही आपणच सांगतो आणि दार्ष्टांतिकही आपणच लिहून देतो. या पुस्तिकेतल्या काही पाठांत गोष्टीखालची जागा कोरी सोडली आहे, ती मुलांच्या दार्ष्टांतिकासाठी.

शासनाला हे कळलेलं नाही असं म्हणता येणार नाही. दहावीला २०१८-१९ पासून भाषेच्या प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, तिच्यात आकलनाच्या कृती आहेत आणि स्वमत आहे. हेतू उत्तम होता. पण वर्षभरात बाजारात तयार स्वमतं आली, आणि मुलं दुसऱ्याने लिहिलेलं स्वतःचं मत पाठ करू लागली. शिष्यवृत्ती परीक्षेतही उताऱ्यावरचे प्रश्न असतात आणि त्यातले काही खरोखर विचार करायला लावणारे असतात. पण चार पर्यायांतून एक निवडताना मुलाला आपण तो का निवडला हे कोणालाच सांगावं लागत नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य ठेवलेलं आहे. शाळेत मात्र घड्याळ लावून शब्द मोजले जातात, आणि 'समजून' हा भाग मोजायला अवघड म्हणून मागे राहतो.

वेग नको असं मी म्हणत नाही. जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष अक्षर लावण्यात खर्च होतं, वाक्याच्या शेवटापर्यंत पोचताना त्याची सुरुवात विसरलेली असते, अशा मुलाकडून अनुमानाची अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला वाचन-लेखनाच्या पायाभरणीवर इतकी वर्षं जीव ओतला तो यासाठीच. पण वाचता येईपर्यंत विचार थांबवून ठेवायचं कारण नाही. पहिलीच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवता येते आणि मध्येच थांबून विचारता येतं. पालघर जिल्ह्यात क्वेस्ट या संस्थेने 'गोष्टरंग' या उपक्रमातून नटांना आश्रमशाळांत नेलं, पुस्तकातल्या गोष्टी मुलांसमोर सादर केल्या आणि मग मुलांना त्या पुस्तकांकडे नेलं. कानाने आणि डोळ्यांनी समजलेली गोष्ट नंतर अक्षरांतून वाचताना मुलाला कोणत्या दिशेला पाहायचं ते माहीत असतं.

निकोला यूल आणि जेन ओकहिल यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. इंग्लंडमधली सात-आठ वर्षांची, अस्खलित वाचणारी पण अर्थ न लागणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना सात छोट्या तासिकांत एकेक शब्द उचलून तो काय काय सांगतो हे शोधायला, मजकुरावर स्वतः प्रश्न तयार करायला आणि झाकलेलं वाक्य ओळखायला शिकवलं. काहींकडून भरभर वाचण्याचा सराव करून घेतला. शेवटी अनुमानाचा सराव केलेली मुलं आकलनात भरभर वाचणाऱ्यांच्या पुढे गेली. साध्या आकलन-प्रश्नांचा सराव केलेला तिसरा गटही फार मागे नव्हता, हेही सांगायला हवं, कारण यातून एवढंच सिद्ध होतं की मजकुरावर थांबून बोलणं कामाला येतं. त्यासाठी कुठलीही महागडी साधनं लागत नाहीत.

पण एका गोष्टीबद्दल सावध केलं पाहिजे. अनुमान हे सुटं कौशल्य समजून त्याचे धडे गिरवत बसलो तर फसू. १९८८ सालच्याच आणखी एका अभ्यासात, डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या, सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. बुटीबोरीत याचा अनुभव रोज येतो. नागपूरपासून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावरच्या या गावात औद्योगिक वसाहतीमुळे बाहेरच्या राज्यांतून कुटुंबं आली आहेत. एकाच बाकावर तीन पिढ्यांपासून कपाशी पेरणाऱ्या घरातली मुलगी असते आणि तिच्या शेजारी घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारा, गेल्या वर्षी आलेला मुलगा. उताऱ्यात वाक्य आहे, की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचून ठेवली होती. मुलीला लगेच कळतं की वेचे संपले, उन्हाळा जवळ आला, आता त्या काड्या चुलीला लागतील. मुलाला पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड हेच माहीत नाही. त्याला अनुमान येत नाही असं म्हणणं चूक आहे, त्याच्याकडे माहितीच नाही. त्याच मुलाला वेल्डिंगच्या दुकानाबद्दलचा उतारा द्या, तो वर्गाला शिकवेल. म्हणून प्रत्येक उताऱ्याआधी दहा मिनिटं त्या विषयावर गप्पा मारा आणि ज्याला माहीत आहे त्यालाच सांगू द्या.

बुटीबोरीत रस्ता दुभंगतो. एक फाटा हैदराबादकडे जातो, दुसरा वर्ध्याला. त्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीच्या हाती नई तालीमचा आराखडा सोपवला गेला. हाताच्या कामातून ज्ञान हा त्याचा गाभा होता. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आज तो विचार पुढे नेते आहे. बागेत काम केलेल्या मुलाला बागेवरचा धडा जास्त का कळतो, हे तिथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वाचनाचा तास आणि शाळेतला वाफा यांचा संबंध जोडायचा असेल तर त्या बाजूला एकदा जाऊन यावं.

अनुमान म्हणजे 'काहीही चालेल' असंही नव्हे. मुलांना बोलतं करायच्या उत्साहात शिक्षक प्रत्येक उत्तराला "छान!" म्हणतात, आणि मग छान या शब्दाला अर्थ उरत नाही. इथे आपल्या नैयायिकांनी करून ठेवलेलं काम फार उपयोगी पडतं. डोंगरावर धूर दिसतो, तेव्हा तिथे अग्नी आहे, हे उदाहरण सर्वांना ठाऊक असतं. न्यायसूत्रांतला आक्षेप तितका ठाऊक नसतो. आक्षेप घेणारा म्हणतो, नदी फुगली म्हणजे वर पाऊसच पडला कशावरून? कोणी पाणी अडवलं असेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार कशावरून? वारूळ मोडलं असेल. मोराचा आवाज आला तो मोराचाच कशावरून? कोणी माणूस नक्कल करत असेल. यावर उत्तर असं आहे की खूण नीट पाहा. पावसाने आलेल्या पुराला वेग असतो, त्यात फेस असतो, पानं, फळं, लाकडं वाहत येतात. अडवलेलं पाणी तसं नसतं. म्हणजे अनुमान चुकलं तर ते सोडून देण्याऐवजी खूण जास्त बारकाईने पाहायची. आमची मुलं हे कारखान्यांकडे पाहून शिकतात. वर जाणारा पांढरा लोट धुराचाच असतो असं नाही. थोडं वर जाऊन विरून गेला तर बहुधा वाफ, लांबवर रेंगाळत राहिला तर धूर. मुलांना हे सुचलं, की उताऱ्यातल्या खुणांकडेही ती तशीच पाहू लागतात.

आपल्या भाषेत तर खुणा जागोजाग पेरलेल्या असतात आणि आपण त्या शिकवतच नाही. "तुम्ही जेवून घ्या," ती म्हणाली. "तू जेव, मी नंतर बसते." या दोन वाक्यांत कोण कोण आहे? दुसरी बोलणारी बाई आहे, पहिलीपेक्षा वयाने किंवा नात्याने मोठी आहे, आणि तिला पहिलीची काळजी आहे. हे सगळं तुम्ही, तू आणि बसते यांनी सांगितलं. "आपण उद्या जत्रेला जाऊ" आणि "आम्ही उद्या जत्रेला जाऊ" यांत ऐकणाऱ्याला नेणार आहेत की नाही, हे एका शब्दात ठरतं. हिंदी बोलणाऱ्या मुलांना दोन्हीकडे 'हम'च ऐकू येतं, म्हणून ही वाक्यं त्यांच्यासोबत अभिनय करून वाचावीत. आठवा, नववा आणि दहावा उतारा याच खुणांवर बेतलेला आहे. त्यात एक अडचण आहे ती ध्यानात ठेवा. आमच्याकडे अनेक घरांत आईबापांनाही 'तू'च म्हणतात. त्यामुळे "तू म्हटलं म्हणजे लहानच असेल" हे अनुमान इथे चुकतं. मुलं ते स्वतः दाखवून देतात, आणि दाखवून दिलं तर त्यांचं ऐकावं.

पुस्तिकेचा शेवटचा भाग गोष्टींचा नाही. त्यात फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा मजकूर आहे, क्षारसंजीवनीच्या पाकिटावरच्या सूचना आहेत, क्रेनखाली उभे राहू नका अशी पाटी आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. त्याची कारणं अनेक होती. वाचनाच्या धड्याने ते मृत्यू टळले असते असं म्हणणं त्या माणसांवर अन्याय होईल. पण त्या डब्यावरचा मजकूर आमच्या मुलांनी वाचायला शिकलंच पाहिजे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये एवढंच तिथे लिहिलेलं असतं. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असेल तर काय, हे लिहिलेलं नसतं. फवारलेलं औषध तेव्हा कुठे पडेल? कोणाच्या तोंडावर? शर्ट कधी बदलायचा, हात धुण्याआधी तंबाखू मळली तर काय होईल? सातवीच्या मुलांनी ही उत्तरं स्वतः शोधली, की ती घरी जाऊन सांगतात. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत विषारी, हे बापाला पोराकडून कळलेली घरं मला माहीत आहेत.

पुस्तिकेच्या मागे उत्तरं नाहीत. शिक्षकांनी ती मागितली होती, आणि त्यांची गरज मी समजू शकतो. साठ मुलांचा वर्ग, वर माहिती भरायची कामं, अशात हाताशी उत्तर असावंसं वाटणारच. पण उत्तर छापलं की ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर येतं आणि तिसऱ्या दिवशी वहीत. म्हणून उत्तरांऐवजी प्रत्येक उताऱ्यासाठी खुणांची यादी दिली आहे. कोणत्या शब्दापाशी थांबायचं, मुलांचं लक्ष कुठे जात नाही, कोणती दोन-तीन अनुमानं सहसा येतात आणि त्यातलं कोणतं पुढच्या वाक्याने मोडतं. यादीत नसलेलं अनुमान मुलाने केलं आणि त्याच्या बाजूने मजकुरातली खूण दाखवली, तर ते यादीत लिहून घ्या.

सुरुवात पाचव्या उताऱ्यापासून करा, पहिल्यापासून नको. त्या तासाला वही काढायला लावू नका. चौथ्या वाक्याचं पान उलटू देऊ नका. मुलं दोन बाजूंनी बोलू लागली की तुम्ही कोणत्याही बाजूला मान डोलवू नका. आपल्या चेहऱ्यावर उत्तर वाचायची त्यांना इतकी सवय असते की पहिल्या काही तासांत ती पुस्तकाऐवजी तुमच्याकडे पाहतील. पाहू द्या आणि बोट उताऱ्यावर ठेवा. गप्प बसणाऱ्या मुलाला "तुला काय वाटतं?" असं विचारण्यापेक्षा "या वाक्यात तुला काय दिसतं?" असं विचारा. त्याचं उत्तर द्यायला धीर लागत नाही, आणि एकदा बोललेलं मूल पुढच्या प्रश्नाला बोलतं. पान उलटण्याआधी प्रत्येकाला आपला अंदाज शेजाऱ्याच्या कानात सांगू द्या. मग चौथं वाक्य मोठ्याने वाचायला त्या दिवशी सगळ्यांत कमी बोललेल्या मुलाला उभं करा.